अळूचे भाऊबंद

आमच्या चाळीच्या मागे जी हाउसगल्ली आहे, तिथे मोऱ्यांचं पाणी उतरतं त्या कोपऱ्यात अळू आहे. ते कुणी लावलं हे कुणालाच सांगता येत नाही. गल्ली चारएक फूट रुंद, दोन्ही बाजूंना चार-चार मजले, वर आभाळाची एक पट्टी आणि त्या पट्टीतूनही केबलच्या वायरी गेलेल्या. ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं ते भर उन्हाळ्यात, तेही दुपारी जरा वेळ. अळूला त्याचं काही वाटत नाही. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की पानं हातभर रुंद होतात, आणि वरच्या मजल्यावरून बघितलं तर पानापानावर पाण्याचे गोळे इकडून तिकडे फिरताना दिसतात. पान काही भिजत नाही.

सासूबाई गुहागरकडच्या. त्यांच्या मते हे अळू बघायचं, खायचं नाही. “अगो, राखेनं भांडी घाशीत तेव्हाची गोष्ट वेगळी. आता त्या मोरीतनं काय काय वाहतं ते त्या अळवाला विचार.” त्यांच्या माहेरी न्हाणीचं पाणी पाटानं माडांच्या बुंध्याशी जायचं आणि वाटेत दोन्ही कडांना अळू असायचं. हिरव्या देठाचं फतफत्याला, काळपट देठाचं वडीला. ऊन तिथेही नव्हतंच. वर माड, माडांखाली पोफळी, पोफळीखाली केळी, आणि सगळ्यांच्या खाली अळू.

गिरगावात बाग करायची म्हटलं की लोक आधी ऊन नसल्याचं रडगाणं गातात. मीही गायले आहे. मग नर्सरीत जाऊन “सावलीत येणारं काहीतरी द्या” म्हणतात, आणि नर्सरीतला मुलगा एका दमात यादी म्हणून दाखवतो: मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबाकिया, पीस लिली, अँथुरियम, कॅलेडियम, आणि ऐपत असेल तर मॉन्स्टेरा. ही नावं कानांवरून जातात तेव्हा ती जगाच्या चार कोपऱ्यांतून आलेली परकी मंडळी वाटतात. आलेलीही आहेत. मॉन्स्टेरा मेक्सिकोच्या दक्षिणेकडचा, डिफेनबाकिया अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली, आणि आपला मनीप्लांट, जो गिरगावात काचेच्या बाटलीत पाणी घालून वाढवतात आणि दुसऱ्याच्या घरून न सांगता तोडून आणला तरच लागतो म्हणतात, तो मुळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ नावाच्या बेटावरचा. पण झाडून सगळे एकाच कुळातले. वनस्पतिशास्त्रात त्याला सुरणकुल म्हणतात. साडेतीन हजारांहून जास्त जातींचं हे खटलं, आणि त्यात आपला सुरण आहे, शेवळं आहेत, आणि हाउसगल्लीतलं ते बेवारशी अळूही आहे.

हे एकदा कळल्यावर नर्सरीकडे बघण्याची नजर बदलते. ज्या झाडाला ‘इम्पोर्टेड’ म्हणून पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत बसवून पाचशे रुपये लावलेत, त्याचा चुलतभाऊ आपल्या मोरीपाठी फुकट वाढतो आहे. पुरावा हवा असेल तर पान चावून बघा, म्हणजे बघू नका. अळू नीट शिजलं नाही की घशाला जी खाज सुटते, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. तेच स्फटिक डिफेनबाकियात आणि मॉन्स्टेराच्या पानात आहेत. अळवात चिंच घालतात, आंबट चुका घालतात, सुरणाला कोकम लावतात, आणि जून लागताना कातकरणी बाजारात शेवळं घेऊन बसतात तेव्हा टोपलीत शेजारी काकडं ठेवतातच. आंबट-तुरट सोबत असल्याशिवाय ह्या घराण्यातलं कुणी पानात वाढलं जात नाही. डिफेनबाकियाला मात्र कशानंच माफी नाही. लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरी मी ती लावू देत नाही.

ह्या सगळ्यांना सावली मानवते ती का, हे त्यांचा जन्म कुठे झाला ते बघितलं की कळतं. दाट जंगलात झाडांच्या शेंड्यांवर जेवढा उजेड पडतो, त्यातला शंभरातला एक-दोन भागच जमिनीपर्यंत येतो. भर दुपारी मोकळ्यावर एक लाख लक्स उजेड असतो असं धरलं तर तिथे तळाशी हजार-दोन हजार. त्यातही मोठा वाटा कवडशांचा. पानांच्या फटीतून एक तिरीप येते, मिनिटभर एका पानावर थांबते, आणि सूर्य जरासा सरकला की निघून जाते. त्या मिनिटात पानानं जे कमवायचं ते कमवायचं. म्हणून ही पानं मोठी, पातळ आणि गडद असतात. जाडजूड पान पोसायला लागणारी मिळकत तिथे नाही. मॉन्स्टेराच्या पानाला भोकं का, ह्यावर पुष्कळ तर्क झाले. 2013 साली ख्रिस्तोफर म्यूर नावाच्या संशोधकानं गणित मांडून असं सुचवलं की तेवढ्याच पानात भोकं ठेवून ते जास्त जागेवर पसरलं, तर फिरता कवडसा त्याच्या कुठल्या ना कुठल्या भागावर पडण्याची शक्यता वाढते. कमाई सरासरीनं तेवढीच राहते, पण उपासाचे दिवस कमी होतात. मॉन्स्टेरा महाग असला तरी ह्या एका हिशेबासाठी मला त्याच्याबद्दल आदर आहे. गिरगावातल्या कितीतरी कुटुंबांनी दहा बाय बाराच्या खोलीतून आणि गॅलरीतून असाच संसार पसरला.

मनीप्लांटची गोष्ट आणखी निराळी. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करणारं जनुक त्यात नीट काम करत नाही, असं 2016 साली दाखवून दिलं गेलं. म्हणजे जगभरच्या बाटल्यांतला मनीप्लांट फांदीवरून फांदी, फांदीवरून फांदी असाच आलेला. शेजारणीच्या वेलाचं कांड चोरणाऱ्यांनीच त्याचा वंश चालवला.

गिरगाव तसं पहिल्यापासून सावलीतलंच. आजच्या वाड्यांची नावं घ्या: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी. हा सगळा भाग माडांच्या वाड्यांचा होता, आणि माडांखाली लोक राहत होते. 1803 साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर वस्ती बाहेर पसरू लागली, वाड्यांत घरं झाली, घरांच्या चाळी झाल्या आणि माड गेले. खोताच्या वाडीत लाकडी जिन्याची, कौलारू घरं अजून उभी आहेत. तिथल्या ओसरीवरच्या कुंड्या बघितल्या की जुन्या वाडीत सावली कशी असेल ह्याचा थोडा अंदाज येतो.

माडाची सावली चाळीच्या सावलीसारखी ठाम नसते, ती हलते. झावळी वाऱ्यावर हलली की खाली उजेडाच्या रेघा इकडून तिकडे पळतात. शिवाय ती माडाच्या वयाबरोबर बदलते. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेनं हे मोजून ठेवलं आहे. पहिली सातआठ वर्षं जमिनीवर भरपूर ऊन, आठव्यापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत दाट सावली, आणि मग माड उंच जाऊन शेंडा आकाशात गेला की तिरपं ऊन पुन्हा खाली उतरू लागतं. म्हणजे म्हाताऱ्या माडाखाली जे पीक येतं ते तरण्या माडाखाली येत नाही. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात कोकण कृषी विद्यापीठानं ‘लाखी बाग’ बसवली ती ह्याच जागेचा उपयोग करून: माडांच्या मध्ये जायफळ, दालचिनी, केळी, अननस, आणि माडाच्याच बुंध्यावर मिरीचा वेल. कोकणातल्या जुन्या आगरात हे सगळं होतंच. विद्यापीठानं त्याला अंतरं, खतं आणि हिशेब दिला. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आमच्या आजोबांना पगार द्यायला हवा होता.”

मिरी आमच्या गॅलरीत आहे. फळ धरत नाही म्हटलं तरी चालेल, पण वेल हिरवागार आहे. तिचीच सख्खी बहीण पानवेल. सांगली-मिरजेकडच्या पानमळ्यात वेलांसाठी मुद्दाम सावली लावतात. शेवरी, पांगारा, शेवगा आधी वाढवायचे आणि त्यांच्या आधारानं वेल चढवायचा. तिथे मळ्यात चपला घालून जात नाहीत. गिरगावात पानवेल लावायची तर उत्तरेकडची किंवा आडोशाची भिंत बघावी आणि वाऱ्यापासून जपावं. चौपाटीकडून येणारा खारा वारा तिला सोसत नाही. विकतच्या पानाएवढं मोठं पान येणार नाही, पण संध्याकाळी जेवणावर एक विडा घरचा होतो आणि पाहुण्यासमोर तो फार भाव खातो.

चाळीची सावली वेगळी, आणि ती समजून न घेता कुंड्या मांडल्या की पैसे पाण्यात. मुंबई साधारण 19 अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. ह्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, आणि बाकी सगळं वर्ष दक्षिणेकडे. म्हणून दक्षिणेकडच्या गॅलरीत थंडीत थेट आतल्या पलंगापर्यंत ऊन येतं आणि ऐन मे महिन्यात वरच्या मजल्याच्या सज्जामुळे कुंड्या सावलीत असतात. उत्तरेकडच्या गॅलरीचं उलटं: तिला दुपारचं ऊन मिळतं ते मे-जूनमध्ये, आणि त्यातला अर्धा काळ ढग खातात. तेव्हा “आमच्याकडे ऊन येतं” असं कुणी डिसेंबरात सांगितलं तर मी विचारते, मेमध्ये येतं का?

आणि ही दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे. भारतीय प्रमाणवेळ 1906 साली आली तरी मुंबईनं आपली 39 मिनिटं मागची वेळ सोडली नाही. ‘मुंबई टाइम’ शहरात 1955 पर्यंत चालू होता. सूर्यानं अजूनही सोडलेला नाही. हाउसगल्लीत ऊन कधी उतरतं ते बघायला बारा वाजता जाणारा हात हलवत परत येतो.

ह्या चाळीच्या सावलीत काय येतं? माझं मत सांगते, भांडण असेल तर या. मोगरा येत नाही. येतो म्हणजे पानं येतात, कळी येत नाही, आणि दरवर्षी कुणीतरी दादरहून गच्च कळ्यांचा मोगरा आणून गणपतीपर्यंत त्याची काडी करतं. तुळस येते पण लांबते, कांडी-कांडीत अंतर पडतं, मान उन्हाकडे वळलेली असते. तिच्यासाठी आमच्या मजल्यावर एक अलिखित व्यवस्था आहे: ज्यांच्या दारात ज्या महिन्यात ऊन असतं, त्यांच्या कठड्याला सगळ्यांच्या तुळशी. कार्तिकात लग्नाच्या दिवशी त्या आपापल्या घरी परत येतात.

आबोली मात्र अर्ध्या सावलीत खुशाल फुलते. तिला सकाळचं तासभर कोवळं ऊन पुरतं, आणि दुपारच्या कडक उन्हानं तिची पानं उलट पिवळी पडतात. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती टचकन फुटतात आणि बिया उडतात. चाळीतल्या मुलांना हे कळलं की पुढच्या वर्षी शेजारच्या चार कुंड्यांत आबोली उगवते, वेगळी लावायला लागत नाही. सोनटक्का ओलीचा आणि आडोशाचा. त्याचे कंद मोठ्या डब्यात लावून पावसाळाभर भिजत ठेवले तर गणपतीच्या सुमारास पांढरं फूल येतं आणि त्या वासापुढे अगरबत्ती लावावीशी वाटत नाही. क्यूबानं त्याला राष्ट्रीय फूल केलं आहे. मूळ मात्र आपल्या पूर्व हिमालयातलं. फुटबॉल लिली वर्षातले कित्येक महिने मातीखाली झोपलेली असते. कुंडी रिकामी समजून तिच्यात लोक कोथिंबीर पेरतात, आणि मेमध्ये अचानक मधोमध लाल गोळा उभा राहतो. पानं त्यानंतर. तिला सावली लागतेच.

पण ह्या सगळ्यांत चाळीला खरं वेड लावलं ते ब्रह्मकमळानं. आता शुद्धतावादी लोक लगेच सांगतील की खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर येतं, ते वेगळं. बरोबर आहे. आपण ज्याला म्हणतो ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या घराण्यातलं झाड, जंगलातल्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. निवडुंग म्हटल्यावर लोक त्याला कडक उन्हात ठेवतात आणि ते करपतं. त्याचा जन्म फांदीवरच्या सावलीतला, त्यामुळे चाळीची गॅलरी त्याला माहेरासारखी वाटत असावी. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड. त्याचा तुकडा मातीत खोचला की झाड झालं. म्हणून एका चाळीत एक ब्रह्मकमळ आलं की दोन-तीन वर्षांत प्रत्येक मजल्यावर असतं.

कळी वाकून लोंबते, मग ज्या दिवशी उमलायची त्या दिवशी संध्याकाळी मान वर उचलते. मान वर झाली की निरोप फिरतो. रात्री नऊनंतर पाकळ्या सुटू लागतात, अकरा-बारापर्यंत फूल पूर्ण, आणि पहाटे सगळं संपलेलं. वरच्या मजल्यावरच्या काकू पाट घेऊन येतात, कुणी हळदकुंकू लावतं, कुणी मोबाइल पुढे करतं, कॉलेजातली मुलं टाइमलॅप्स लावून स्टँड उभा करतात, आणि तळमजल्यावरचे काका दरवर्षी तोच प्रश्न विचारतात: “अहो, पण हे रात्रीच का फुलतं?” कारण त्याच्या मुलखात त्याच्यासाठी रात्री फिरणारे पतंग आहेत. आमच्याकडे ते पतंग नसतानाही हे फूल फुलतं, आणि त्याच्यासमोर चहाच्या कपांसकट आम्ही. एकदा एकाच रात्री तीन मजल्यांवर मिळून कितीतरी फुलं उमलली होती. त्या रात्री जिन्यावर जी ये-जा होती ती फक्त कोजागिरीला असते.

नेचे कुणी लावत नाही. ते येतात. जुन्या इमारतींच्या भिंतीत चुना आहे, आणि लांब शिडीसारख्या पानांचा एक नेचा, शास्त्रात ज्याला टेरिस व्हिटाटा म्हणतात, त्याला चुनाच आवडतो. पाइप गळतो तिथे हमखास तो दिसतो. ह्याच नेच्याबद्दल 2001 साली शोध लागला की तो जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो. फ्लोरिडातल्या दूषित जागेवर तो तसं करताना सापडला. आमच्या गच्चीच्या कठड्यातला नेचा काय साठवतो देव जाणे. हंसराज त्याहून नाजूक, काळ्या तारेसारखा देठ आणि पंख्यासारखी पानं. तो पूर्वी विहिरींच्या आतल्या दगडांवर असायचा. गिरगावात वाडीवाडीत विहिरी होत्या. मलेरियाच्या डासांची पैदास विहिरींत होते असं डॉ. बेंटली यांच्या 1911च्या अहवालानं दाखवलं आणि त्यानंतर पुष्कळ विहिरी बुजल्या, झाकल्या गेल्या. त्यांच्याबरोबर ते हिरवे काठही गेले.

नेच्यांसाठी लंडनही असंच झुरलं होतं. 1829च्या सुमारास नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या एका डॉक्टरला गिरण्यांच्या धुरात नेचे जगवता येईनात. एका बंद काचेच्या बरणीत त्यानं पतंगाचा कोश ठेवला होता आणि खालच्या ओलसर मातीतून आपोआप नेचा उगवला. त्यातून काचेची बंद पेटी निघाली, आणि त्या पेट्यांतून पुढे रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या वनस्पतिसंग्राहकानं चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली. म्हणजे आपल्या सकाळच्या चहाच्या मागेही कुठेतरी धुरकट शहरातला, सावलीतला एक नेचा आहे. भायखळ्याच्या राणीबागेत नेचे आणि पाम मनसोक्त बघता येतात. 1862 साली सुरू झालेली ही बाग म्हणजे शहरातल्या जुन्या झाडांखालच्या सावलीचा एक मोठा तुकडा. दुपारी तिथे प्राणी बघायला येणाऱ्यांची गर्दी असते. मी चिखलातली पानं बघत फिरते.

डासांवरून आठवलं. पावसाळ्यात महापालिकेची माणसं बॅटरी घेऊन येतात आणि मनीप्लांटच्या बाटल्या तपासतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्याभरात त्या अंड्यांतून डास तयार होतात. म्हणून बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलायचं आणि कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच ठेवायच्या. आमच्याकडे एका आजींच्या लकी बांबूत अळ्या सापडल्या होत्या. त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या, “मग कसला रे लकी तो?” तो बांबूही नव्हता, आफ्रिकेतला ड्रासिना होता.

सावलीतल्या झाडाचा खरा घात उन्हाअभावी होत नाही, पाण्यानं होतो. उजेड कमी म्हणजे झाड पाणी कमी ओढतं, कुंडी दिवसेंदिवस ओली राहते, आणि मुळं कुजतात. वरून पान मलूल दिसतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो. बोट मातीत दोन पेरं घालून बघावं, कोरडं लागलं तरच पाणी. तळाशी नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावेत, माती हलकी ठेवावी, खत उन्हातल्या झाडाच्या निम्मं. पानांवर धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसावं. आधीच उजेड कमी, त्यात काजळीचा पडदा नको. एवढंच. बाकीचं झाडावर सोडावं.

आता तिसरी सावली आली आहे. मेट्रो तीनचं गिरगाव स्थानक ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झालं, आणि भोवती पुनर्विकासाचे टॉवर उठले आहेत, उठत आहेत. चाळीची सावली तासांची होती; टॉवरची ऋतूंची आहे. 22 डिसेंबरच्या आसपास मुंबईत भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून 48 अंशांपेक्षा वर चढत नाही. त्या दिवसांत 130 मीटर उंच इमारतीची भरदुपारची सावली उत्तरेला 120 मीटरच्या आसपास पडते. म्हणजे मधले दोन बोळ आणि एक चाळ झाकून पलीकडच्या देवळाच्या कळसापर्यंत. ज्यांच्या तुळशी हिवाळ्यात दक्षिणेच्या उन्हावर उभ्या होत्या त्यांना आता नवा कठडा शोधावा लागतो. आणि उंच काचांवरून परतलेला उजेड कधी कधी भलत्याच वेळी भलत्याच भिंतीवर पडतो. आमच्या जिन्यातल्या एका मिरीच्या वेलाला सध्या दुपारी चार वाजता शेजारच्या टॉवरच्या खिडकीकडून ऊन मिळतं. ते किती दिवस मिळेल हे पलीकडच्या प्लॉटवर काय उभं राहतं त्यावर.

आमच्याही चाळीचा नंबर लागला आहे. नव्या इमारतीचं माहितीपत्रक आलं, त्यात पाचव्या मजल्यावर ‘लँडस्केप गार्डन’ आहे, आणि चित्रात हिरवंगार लॉन, त्यावर योगासनं करणारी माणसं. मी नकाशा फिरवून उत्तर दिशा बघितली. बाग इमारतीच्या उत्तरेला. सभासदांच्या बैठकीत मी सांगितलं, इथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन येणार नाही, लॉनला दिवसाचं पाच-सहा तास तरी ऊन लागतं, ते जानेवारीत चट्टे पडून मरेल. त्याऐवजी हळद लावा, मे महिन्यात लावली की श्रावणात पातोळ्यांना पानं मिळतील, दोनशे घरांना पुरतील. कडेनं सोनटक्का, आबोली, लेडी पाम, खांबांना पानवेल आणि मिरी. पाण्याच्या उताराला वडीचं अळू. एकदोघींनी मान डोलावली. सासूबाई मागून म्हणाल्या, “आणि तिथली मोरी स्वच्छ असेल ना?”

बिल्डरकडून आलेला मुलगा अदबीनं ऐकत होता. त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, ऊन नसेल तर प्रॉब्लेम नाही. आर्टिफिशियल लॉन टाकून देऊ. मेन्टेनन्स पण नाही.” पुढचा विषय पार्किंगचा होता, तो रात्री साडेदहापर्यंत चालला. इतिवृत्तात आमच्या मुद्द्याची नोंद ‘बागेबाबत चर्चा झाली’ एवढीच आहे.